साडेपाच लाख पानांतलं एक पान : हाले-नॉयश्टाट सराव-संचाच्या नोंदी

१४ जून

प्रकरण नक्की झालं : पूर्व जर्मनी, हाले-नॉयश्टाट, १९८१. कायदा आणि न्यायवैद्यक शिकणाऱ्यांसाठी मराठीत कागदी सराव-संच करायचा आहे. सहा जणांचा गट, वेळ तीन तास, मोबाईल बंद.

घटना थोडक्यात. १५ जानेवारी १९८१ला सात वर्षांचा एक मुलगा चित्रपट बघायला घरून निघाला, तो परतला नाही. दोन आठवड्यांनी हाले–लाइपझिग लोहमार्गालगत रुळांची पाहणी करत चाललेल्या कीमनला एक सुटकेस दिसली. आत मुलाचा मृतदेह होता आणि जुनी वर्तमानपत्रं, मासिकं. त्यांतली काही शब्दकोडी हाताने भरलेली होती. धावत्या गाडीतून सुटकेस फेकली होती. साक्षीदार कोणी नाही. तपासाला हाताशी धरण्यासारखं होतं ते चौकोनांतलं हस्ताक्षर.

मुलाचं नाव, फोटो, घरच्यांचा तपशील संचात कुठेही येणार नाही. पहिल्या पानावर फक्त वय, तारीख आणि तो कुठे निघाला होता तेवढं. हे पान सर्वांनी वाचल्याशिवाय बाकी पाकिटं उघडायची नाहीत. पुढचे तीन तास आकड्यांत जातात, आणि हे सगळं कोणासाठी चाललंय ते टेबलावर दिसत राहिलं पाहिजे.

१६ जून

हालेच्या खून-तपास पथकाचे प्रमुख सिगफ्रीड श्वार्त्स. संचात गट त्यांच्या पथकाच्या जागी बसतो. म्हणजे तपास जनपोलिसांचा, म्हणजे तिथल्या नेहमीच्या पोलिसांचा, पण राज्य एका पक्षाचं, वृत्तपत्र पक्षाचं, आणि शेजारच्या इमारतीत राज्य सुरक्षा मंत्रालय, म्हणजे स्टासी. काय छापून यावं, कोणाची कागदपत्रं मागावीत, कोणाला काय सांगावं, यांतलं काहीच तपास अधिकाऱ्याच्या एकट्याच्या हातात नाही. हे लेखी समजावून चालणार नाही, संचाच्या रचनेतच बसलं पाहिजे.

गावाचा नकाशा हवाच. हाले-नॉयश्टाट १९६४पासून लॉयना आणि बुना या रसायन कारखान्यांच्या कामगारांसाठी वसवलेलं, तयार काँक्रीट-फळ्यांच्या इमारतींचं शहर. ऐंशीच्या दशकात वस्ती नव्वद हजारांच्या आसपास. रस्त्यांना नावं नव्हती, ब्लॉकना आकडे होते. नकाशा ए-३ आकाराचा, ब्लॉक करड्या रंगात, लोहमार्ग काळा. ब्लॉकचे आकडे आठ पॉइंटपेक्षा लहान केले तर ट्यूबलाइटखाली वाचता येत नाहीत. दहा पॉइंट ठेवले.

सोबत एक घरनोंदवही. जर्मनीत तिला हाउसबुख म्हणत. प्रत्येक जिन्याची वही असायची. राहणाऱ्यांची नावं त्यात, आणि तीन दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या पाहुण्याचीही नोंद. संचात एकाच जिन्याची वही ठेवली आहे, दहा घरं. बारा जिन्यांच्या वह्या केल्या असत्या तर गट त्यांतच तासभर अडकला असता.

२१ जून

आजचा दिवस शब्दकोड्यात गेला, आणि तो सत्कारणी लागला.

मूळ कोडी जर्मन, मोठ्या लिपीतली सुटी अक्षरं, एका चौकोनात एक. मराठीत मोठी-लहान लिपी नाही, पण शब्दकोडं आपल्याकडेही हात तोडूनच लिहायला लावतं. चौकोनात एक अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट. त्यामुळे तुलना जर्मन कोड्याइतकीच कठीण होते, फक्त वेगळ्या कारणांनी.

पहिलं कारण शिरोरेषा. सलग मजकुरात शिरोरेषा खूप काही सांगते : शब्द लिहून झाल्यावर ओढली की अक्षरागणिक, किती चढती, शब्दाबाहेर किती गेली. कोड्यात चौकोनाची वरची रेघच शिरोरेषेचं काम करते. बरेच जण तिलाच अक्षर टांगतात आणि स्वतःची रेघ ओढतच नाहीत. म्हणजे एरवीचा सर्वांत मोठा आधार गेला.

दुसरं, आपली नजर जिथे आधी जाते ती लक्षणं बहुधा निरुपयोगी ठरतात. पाकळीचा ल की दांड्याचा ल, देठाचा श की हिंदी वळणाचा श, यावरून माणूस कळत नाही. त्याने कोणतं पाठ्यपुस्तक गिरवलं ते कळतं. २००९च्या शासन निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवले. त्याआधी अनेक वर्षं मुलांच्या हाती दुसरी वळणं होती. हे झालं वर्ग-लक्षण : हजारोंना एकत्र बांधणारं. पूर्व जर्मनीतही १९६८मध्ये शाळांची लेखनपद्धती बदलली होती, तिथेही हीच गल्लत होऊ शकते. व्यक्ती-लक्षण त्याच्या आत शोधायचं असतं.

संचातल्या 'लेखका'ची चार व्यक्ती-लक्षणं ठरवली :

अनुस्वार ठिपका नसून उघडं वर्तुळ, आणि तो दांड्याच्या उजवीकडे सरकलेला. क-चा उजवा अर्धगोल खालून वर काढलेला, त्यामुळे शेवटी टोक आत वळतं. पहिली वेलांटी शिरोरेषेच्या वर सुरू न होता चौकोनाच्या रेघेखालीच दबलेली. र-चा पाय लांब, पुढच्या चौकोनाची हद्द ओलांडणारा.

चौथं लक्षण कोड्यात ठसठशीत दिसतं, साध्या अर्जात जवळजवळ दिसत नाही, कारण तिथे हद्दच नसते. हे मुद्दाम ठेवलं आहे. चौकोन हात बदलतो, हे गटाला स्वतः सापडलं पाहिजे.

कोडं ११ × ११. त्याहून लहान केलं तर क आणि र पुरेसे येत नाहीत. प्रत्येक लक्षण-अक्षर निदान पाच वेळा यावं अशी शब्दयोजना केली. एकदाच आलेलं अक्षर पुरावा नसतं, ते हाताचं घसरणंही असू शकतं.

२२ जून

कागद. कोडं ४५ ग्रॅमच्या वर्तमानपत्री कागदावरच छापायचं. ७५ ग्रॅमच्या झेरॉक्स कागदावर केलेला नमुना फसला : शाई पसरत नाही, आणि गट नमुन्याचा कागद ओळखून पान बाजूला काढतो, अक्षर वाचतच नाही. वर्तमानपत्री कागदावर जेल पेन फुटतं, बॉलपेन खड्डा पाडतं. बॉलपेन घेतलं. कोडं घडी घालून मांडीवर धरून भरायचं, टेबलावर नाही. मऊ आधारावर दाब खोल उमटतो आणि रेघ थोडी हलते, तसंच हवं आहे.

छायाप्रत चालणार नाही. प्रतीत दाब दिसत नाही, रेघेची दिशा कळत नाही, दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे वर कोणती ते कळत नाही. म्हणून प्रत्येक संचातलं कोडं हाताने भरलेलं, एकाच हाताने. दहा संचांना दहा कोडी. एका बैठकीत तीनच भरावीत. चौथ्याला हात थकतो आणि क बदलतो.

भिंगं दहापट, सहा नग. छोटी टॉर्च दोन. टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर, दहा-पंधरा अंशांवर धरली की खड्ड्याची सावली पडते आणि दाब वाचता येतो. वरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही.

२९ जून

चाळणीचं गणित. प्रत्यक्ष तपासात ५,५१,१९८ हस्ताक्षर-नमुने तपासले गेले. हा आकडा फळ्यावर लिहून काही होत नाही, वेळेत मांडला की हातापायांत उतरतो. एका पानाला एक मिनिट धरलं तर ९,१८६ तास. आठ तासांचा दिवस धरून एका माणसाचे ११४८ दिवस, तीन वर्षांहून जास्त. वीस सेकंदांत पान हातावेगळं केलं तरी ३८२ दिवस. म्हणजे प्रत्येक पान तज्ज्ञाने पाहणं शक्यच नाही. आधी साध्या माणसांना मोजकी अक्षरं डोळ्यांत बसवून द्यायची, त्यांनी 'नाही' म्हणून बाजूला काढायचं, आणि जे 'सांगता येत नाही' ते वर पाठवायचं.

संचात २४० पानं, ६०-६० ची चार पाकिटं. वीस सेकंदांच्या हिशेबाने पाकिटाला वीस मिनिटं. पानं निरनिराळी : घराचा अर्ज, ओळखपत्राचा अर्ज, नोकरीचा फॉर्म, तारेचा कागद, बाजारयादी, स्पर्धेसाठी भरून पाठवलेलं कोडं. खरं जुळणारं पान एकच. प्रत्येक पाकिटात दोन 'जवळची' पानं, वर्ग-लक्षणं सारखी, व्यक्ती-लक्षणं वेगळी. शिवाय प्रत्येक पाकिटात एक पेरलेलं पान, त्याच लेखकाचं, मागे फिकट पेन्सिलीने खुणेचा आकडा. ते निसटलं तर पाकीट पुन्हा चाळायचं.

नमुन्यांची पानं मात्र खूप हातांची हवीत. वीस जणांकडून बारा-बारा लिहून घेतली तर तिसऱ्या पाकिटापासून गट लेखक ओळखू लागतो. पेरलेली आणि जुळणारं पान सोडून एका हाताची तीनपेक्षा जास्त पानं नकोत.

६ जुलै

पहिली चाचणी. काय बिघडलं :

पहिल्या पाकिटातलं पेरलेलं पान सापडलं, चौथ्यातलं निसटलं. थकवा. चौथ्या पाकिटाला गटाचा वेगही वाढला होता, आणि वेग वाढला हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

खरं जुळणारं पान दोघांनी पाहून 'नाही'त टाकलं. कारण शाई काळी आणि अक्षर तिरकं. कोड्यात निळी शाई आणि उभं अक्षर. पेन, तिरकेपणा, आकार या तीन गोष्टी डोळ्याला आधी दिसतात आणि तुलनेत सर्वांत कमी भरवशाच्या.

एका जवळच्या पानावर गटाचं एकमत झालं, पंचवीस मिनिटं त्या 'संशयिता'वर गेली. पानावरचा ल पाकळीचा होता. २१ जूनची नोंद पुन्हा वाचावी.

८ जुलै

दुरुस्त्या. पानावर सरकवायला काळं कार्ड, १५ × १० सेंमी, मधोमध १२ मिमी उंच आणि ३० मिमी रुंद खिडकी. खिडकीतून दोन-तीन अक्षरंच दिसतात, पानाचा एकूण तोंडवळा झाकला जातो. दर पाकिटानंतर पाच मिनिटं थांबायचं, भिंग खाली. प्रत्येक पाकीट दोघांनी वेगवेगळं चाळायचं, पहिल्याचा निकाल दुसऱ्याला न सांगता. सांगितला की दुसरा तपासत नाही, सहमत होतो.

१३ जुलै

आता खरा अवघड भाग : पानं आली कुठून.

हालेत नमुने जमवताना सरकारदरबारी पडून असलेले अर्ज आणि फॉर्म वापरले, रद्दी चाळली, वर्तमानपत्री कोड्यांच्या स्पर्धेला आलेली उत्तरं पाहिली, घरोघरी लिहून घेतलं. माणसाला न विचारता त्याचं अक्षर मिळवण्याची सवय त्या राज्याला आधीपासून होती. स्टासीचा एक अख्खा विभाग टपाल उघडून वाचायचा, हस्ताक्षरावरून पत्र लिहिणाऱ्याचा माग काढायचा. १९८९मध्ये मंत्रालयाचे सुमारे ९१,००० पगारी कर्मचारी होते. मागे राहिलेल्या फायली एकापुढे एक लावल्या तर १११ किलोमीटर भरतात. ही यंत्रणा मुलांच्या खुन्यांना पकडण्यासाठी उभी केलेली नव्हती. शेजारी काय बोलतो, कोण पश्चिमेकडे जाऊ पाहतो, हे कळावं म्हणून ती होती. श्वार्त्स यांच्या पथकाला न्याय मिळवायचा होता तो हीच यंत्रणा हाताशी घेऊन.

म्हणून प्रत्येक पानाच्या मागे उगम-चिठ्ठी चिकटवली : 'रद्दीतून', 'स्पर्धेतून', 'ओळखपत्र कार्यालयातून', 'मंत्रालयाकडून'. चाळणी सुरू करण्याआधी गटाने लेखी ठरवायचं, यांतल्या कोणत्या चिठ्ठ्यांची पानं घेणार, कोणती नाकारणार. नाकारलेली पानं खरोखर बाजूला काढायची. कधी जुळणारं पान त्यातच जातं. मग निर्णय बदलायचा असेल तर कारण लिहून, सही करून. तोंडी बदल चालणार नाही.

मंत्रालयाची पानं थेट मिळत नाहीत. हिरवा फोल्डर जनपोलिसांचा, करडा मंत्रालयाचा. हिरव्याने विनंतीचा फॉर्म भरायचा, उत्तर एका पाकिटानंतर येतं, आणि कधी अर्ध्या ओळी काळ्या केलेलं येतं. करडा फोल्डर सांभाळणाऱ्याला हिरव्याची प्रत्येक नोंद वाचता येते. उलट नाही. पंधरा मिनिटांत गटाचं वागणं बदलतं : हिरवा फोल्डर नोंदी कमी लिहू लागतो. हे नियमात लिहिलेलं नाही, आपोआप होतं. आणि नोंद कमी झाली की नाकारलेली पानं कुठे गेली हे शेवटी कोणालाच सांगता येत नाही.

भारतीय तुलना एका पानात : हस्ताक्षराचा नमुना देण्याचा आदेश दंडाधिकारी देतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३४९, आधीच्या संहितेत ३११-अ. असा नमुना घेणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१मध्ये काठी कालू ओघड प्रकरणात सांगितलं. मागून घेतलेल्या नमुन्याची तांत्रिक अडचण वेगळीच आहे : समोर पोलीस बसलेला असताना माणूस आपलं रोजचं अक्षर लिहीत नाही. म्हणून नकळत लिहिलेला जुना कागद तुलनेला जास्त उपयोगी, आणि गोपनीयतेला जास्त घातक.

२० जुलै

रोस्तोव्हचं पाकीट. आधी ते वगळायचं ठरत होतं. ठेवलं, आणि बंद ठेवलं. अटकेचा फॉर्म भरण्याच्या अगदी आधी उघडायचं.

आत एक पान. २२ डिसेंबर १९७८, शाख्ती गाव, रोस्तोव्ह प्रांत, सोव्हिएत संघ, नऊ वर्षांच्या मुलीचा खून. अलेक्सांद्र क्राव्चेंको या तरुणाला पकडलं, कारण आधीच्या तशाच गुन्ह्यात त्याला शिक्षा झाली होती. बायकोने सांगितलं, तो घरी होता. तिच्यावर दबाव आणून जबाब बदलवून घेतला. त्याच्याकडून कबुली घेतली. १९८३मध्ये त्याला मृत्युदंड दिला. खून आंद्रेई चिकातिलोने केला होता, आणि तो पुढे मारतच राहिला. सप्टेंबर १९८४मध्ये तो रोस्तोव्हमध्ये पोलिसांच्या हातात होता. पण घटनास्थळांवरचे वीर्याचे नमुने एबी गटाचे ठरवलेले, त्याचं रक्त ए गटाचं, म्हणून या गुन्ह्यांतून सुटला. नोव्हेंबर १९९०मध्ये पुन्हा पकडेपर्यंत पालकांना सावध करणारी बातमी मोकळेपणाने छापली जात नव्हती. समाजवादी समाजात असा माणूस असूच शकत नाही, हे आधीच ठरलेलं होतं.

तिथेही विक्तोर बुराकोव्हसारखे नेटाने काम करणारे तपास अधिकारी होते. प्रयोगशाळेचा एक शब्द आणि वरून आलेली घाई, यांच्यापुढे नेट पुरला नाही.

पानाखाली एकच प्रश्न छापला : 'तुमच्या फॉर्मवरच्या नावाविरुद्ध कबुलीशिवाय काय आहे?' शेजारी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३, जुन्या कायद्यातलं २५ : पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही.

२७ जुलै

दुसरी चाचणी. खिडकीच्या कार्डाने काम केलं, चारही पेरलेली पानं सापडली, जुळणारं पान तिसऱ्या पाकिटात मिळालं. गटाने लगेच त्या नावाने अटकेचा फॉर्म भरायला घेतला.

इथेच संच त्यांना अडवतो. हालेत अक्षर जुळलं ते एका बाईचं. कोडी तिनेच सोडवली होती, आणि खून तिने केला नव्हता. तिच्या मुलीचा मित्र त्या घरात येत-जात होता. नोव्हेंबर १९८१मध्ये, शोध सुरू होऊन दहा महिन्यांनी, त्याला अटक झाली आणि १९८२मध्ये जन्मठेप. हस्ताक्षर तपासाला घरापर्यंत घेऊन गेलं. माणसापर्यंत पोचायला ते घर, ती सुटकेस, तिथे कोण कधी होतं, हे वेगळं सिद्ध करावं लागलं.

घरनोंदवही आता उपयोगी पडते. मित्राचं नाव वहीत नाही, तो तीन दिवसांपेक्षा जास्त सलग राहत नसे. गटाला वहीत नसलेला माणूस शोधायचा आहे. त्यासाठी दहा घरांचे दहा छोटे जबाब दिले आहेत, प्रत्येकी पाच-सहा ओळी. एका जबाबात सुटकेस, दुसऱ्यात 'मुलीकडे येणारा'. दोन्ही गोष्टी एकाच जबाबात घातल्या होत्या तेव्हा कोडं दोन मिनिटांत सुटलं, म्हणून तोडल्या.

३ ऑगस्ट

छपाईला दिलं. दहा संच. प्रत्येकी २४० पानं, उगम-चिठ्ठ्या २४० आणि वाया जातील म्हणून वीस जास्त, नकाशा एक, वही एक, जबाब दहा, काळी कार्डं सहा. उगम-चिठ्ठ्या फेविकॉलने चिकटवू नयेत, पातळ पानाला सुरकुती येते आणि खिडकी अडकते. ग्लूस्टिक, फक्त वरच्या कडेला.

रोस्तोव्हचं पाकीट टेपने बंद केलं तर तिसऱ्या वापरात कागद फाटतो. सुतळीची गाठ ठेवली आहे. सुतळी हिरव्या फोल्डरमध्ये, गाठ सोडणाऱ्याने अटकेच्या फॉर्मच्या मागे सही करायची. पहिल्या पानाला, ज्यावर फक्त वय, तारीख आणि चित्रपट आहे, वेगळं पाकीट नाही. ते खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलं, म्हणजे खोकं उघडं असेपर्यंत ते समोरच राहतं.